राजाचा न झालेला अपघात

न झालेला अपघात तुम्ही कधी डोळ्यांनी पाहिला आहे का? नाही ना? पण शैलनगरच्या धुंडिराज राजाला नेमका तोच बघायचा होता, आणि तोही भर दरबारात!

त्याचे असे झाले. राजाचा नवा बुरूज बांधला जात होता. आज कुणी बांबूच्या परांचीवरून पडे, उद्या कुणाच्या डोळ्यांत चुना जाई. म्हणून विद्यापीठाचे आचार्य विश्वंभर अनुदानाचा अर्ज घेऊन आले. कामगारांची सुरक्षा आणि आरोग्य सांभाळणारे जाणकार तयार करायचा वर्ग त्यांना सुरू करायचा होता.

"हे जाणकार करणार काय?" राजाने विचारले.

"अपघात होऊ देणार नाहीत, महाराज!"

"म्हणजे ते आले की काहीच होणार नाही?"

"काहीच नाही!" आचार्य अभिमानाने म्हणाले.

"वा! काहीच होऊ नये म्हणून मी अनुदान देऊ?" राजाने मिशीला पीळ दिला. "आधी मला एक न झालेला अपघात दाखवा. उद्या माझ्या तुलेच्या वेळी. नाही जमलं, तर हा अर्ज पुन्हा माझ्यासमोर आणायचा नाही!"

आचार्य बाहेर आले आणि बुरुजाखालच्या दगडावर मटकन बसले. शेजारीच राही बांबूला गाठी मारत होती. तिचा बाप रखमाजी परांची बांधणारा. तो सकाळी वर चढला, की संध्याकाळी खाली उतरेपर्यंत राहीच्या घशाखाली घास उतरत नसे. त्या नव्या वर्गात जायचे तिने केव्हाच ठरवून टाकले होते.

"गुरुजी, तोंड का उतरलंय?"

आचार्यांनी सगळे सांगितले. "जो झालाच नाही, तो अपघात दाखवू कसा गं, पोरी?"

राही विचार करत राजवाड्यात शिरली. उद्याच्या तुलेसाठी दरबारात भला मोठा तराजू टांगून तयार होता. दर वाढदिवसाला राजा एका पारड्यात बसे, दुसऱ्यात गूळ रचत आणि मग तो गूळ गावाला वाटत. तराजू टांगायचा रेशमी दोर राजाच्या पणजोबांचा. दरवर्षी त्याची पूजा होई आणि त्याला साजूक तूप चोळले जाई.

राहीने सवयीने वर पाहिले. आढ्याजवळ, दोराच्या गाठीवर, एक गलेलठ्ठ उंदीर ऐसपैस बसून जेवत होता!

"पुरोहितबुवा, दोर कुरतडलाय!"

"गप्प बस!" पूजेची तयारी करणारे पुरोहित खेकसले. "पणजोबा महाराजांच्या दोराला नावं ठेवतेस? हत्तीच्या पायी जाशील!"

राही बाहेर आली ती हसतच. "गुरुजी, अपघात सापडला! आता फक्त गाडीभर लाल भोपळे द्या."

"भोपळे?"

"मोठे बघून आणा हं!"

दुसऱ्या दिवशी दरबार खचाखच भरला. राजा नवा अंगरखा घालून पारड्याकडे निघाला, तशी राही पुढे झाली.

"थांबा महाराज! न झालेला अपघात दाखवायला आले आहे. पण त्यासाठी तुम्ही इकडे बसायचं आणि तुमच्याऐवजी हे भोपळे पारड्यात बसतील."

दरबारात खसखस पिकली.

"माझ्या जागी भोपळे?" राजा गरजला. "आणि काही दिसलं नाही तर?"

"तर हे सगळे भोपळे डोक्यावर घेऊन मी गावभर नाचेन. आणि गुरुजीही नाचतील!"

आचार्यांनी घाबरून धोतर सावरले. राजाला मात्र ती कल्पना फारच आवडली. "भरा भोपळे!"

सेवक पारड्यात भोपळे रचू लागले. रास थोडी वर आली, तोच राजा म्हणाला, "बास, बास! एवढा काही मी जाड नाही!"

पडद्याआडून राणीसाहेबांचा आवाज आला, "अजून चार टाका. काल बासुंदी झाली आहे."

चार भोपळे आणखी चढले. सगळ्यांत वरच्या गुबगुबीत भोपळ्यावर राहीने राजाची पगडी ठेवली. तो भोपळा असा काही रुबाबदार दिसू लागला, की एका म्हाताऱ्या सरदाराने त्याला चुकून मुजराच केला!

दुसऱ्या पारड्यात गूळ चढला. एक ढेप, दोन ढेपा, तीन... भोपळ्यांचे पारडे हळूहळू जमिनीवरून उचलले गेले. दोर करकरला.

आणि तट्कन तुटला!

धडाड्‌धूम! भोपळे फुटले, गूळ उडाला, बिया दरबारभर सांडल्या. पगडीखालच्या भोपळ्याचा पार चेंदामेंदा झाला. गराचा एक गोळा राजाच्या मिशीवर येऊन बसला. वरून उंदीर कुरकुरत पळाला, कारण त्याचे जेवण अर्धवट राहिले होते.

"पोरी!" राजा ओरडला. "मी न झालेला अपघात मागितला होता. हा तर झाला की!"

"भोपळ्यांचा झाला, महाराज," राही म्हणाली. "तुमचा नाही झाला! तुमचा न झालेला अपघात तो बघा, तुमच्या पगडीखाली पडलाय."

राजाने पगडीखालच्या त्या लाल चिखलाकडे पाहिले. मग स्वतःच्या पोटावरून हळूच हात फिरवला. मिशी थरथरली, खांदे हलले, आणि राजा खो खो हसत सुटला! हसता हसता मिशीवरचा गोळा तोंडात गेला, तेव्हा तर त्याला श्वासच घेता येईना.

"दिलं अनुदान!" तो डोळे पुसत म्हणाला. "दरसाल दिलं! आणि पोरी, तुला काय हवं? हार देऊ? कंकण देऊ?"

"मला त्या वर्गात बसू द्या, महाराज. आणि बुरुजावरच्या परांच्यांचे दोर आजच बदला. माझे आबा वर आहेत."

"उतरवा सगळ्यांना खाली! आत्ताच्या आत्ता!" राजाने हुकूम सोडला. "आणि माझ्या तराजूलाही नवा दोर आणा. बिनतुपाचा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी रखमाजी नव्या दोरांनी बांधलेल्या परांचीवर चढला, घराघरांत वाटलेल्या गूळ-भोपळ्याचे घारगे तळले गेले, आणि राही चार घारगे खाऊन विद्यापीठात गेली.