मडमचे सहा खिळे

"या सहा अक्षरांचा एक इंग्रजी शब्द करा! यातलं एकही अक्षर गाळायचं नाही आणि पदरचं एकही घालायचं नाही!"

तांबूळगडचे राजे शेखोजीराव गादीवरून गरजले आणि इंग्रजीचे मास्तर भिकाजीपंत उभ्या उभ्या घामाघूम झाले. पाटीवर महाराजांनी स्वतःच्या हाताने इंग्रजीची लहान लिपीतली अक्षरं काढली होती: क्यू, आय, एल, एल, ओ, डब्ल्यू.

झालं होतं असं. कलेक्टरसाहेबांच्या मडमने महाराजांना गंमत म्हणून एक मखमली डबी पाठवली होती. डबीत छापखान्यातले शिशाचे सहा खिळे, एकेका खिळ्यावर एकेक अक्षर. सोबत चिठ्ठी: 'यांचा शब्द जुळवा, शनिवारी चहाला येते तेव्हा ऐकेन.' आता गप्प बसावं की नाही? पण महाराजांनी उलट निरोप धाडला, "आमच्या शाळेतलं शेंबडं पोरही सांगेल!"

"महाराज," मास्तर चाचरत म्हणाले, "इंग्रजीत क्यू आला की मागोमाग यू येतोच. वरातीत नवरदेवामागे करवली असते ना, तसा. इथे करवलीच नाही!"

"मग शोधा की!"

"शोधली, महाराज. अख्खा शब्दकोश दोनदा चाळला. नाही हो असा शब्द!"

"मडम खोटं बोलते म्हणता? ते काही नाही! शनिवारी सकाळपर्यंत शब्द सापडला नाही, तर शाळेला कुलूप. शब्द न सापडणारी शाळा हवीय कुणाला?"

अहो, राजहट्ट तो! त्यापुढे कोण बोलणार? मास्तरांनी एकदा अर्ज केला, 'खिळे स्वतः बघू द्यावेत.' महाराजांनी डबी छातीशी धरली. "मडमची भेट आहे. हात लावायचा नाही! आम्हाला काय अक्षरं वाचता येत नाहीत?"

शुक्रवारी ही बातमी सरकारी छापखान्यात पोचली. तिथे अनसाबाई खिळे धुवायची. छपाई झाली की शाईने बरबटलेले खिळे घासायचे, पुसायचे आणि ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. पंधरा वर्षं हेच काम. इंग्रजीचं अक्षर वाचता येत नव्हतं, पण खिळा कुठल्या खणातला हे डोळे मिटून सांगायची. तिची चंपी त्या शाळेतली एकुलती एक मुलगी. बाराखडी संपवून पहिलं पुस्तक नुकतं हातात आलेलं. शाळा बंद म्हणजे चंपीचं पुस्तकही बंद! चंपीने पाटीवर ती सहा अक्षरं काढून दाखवली, तेव्हा पहिल्या अक्षराशी अनसाबाईचं बोट थांबलं.

"हे असं महाराजांना खिळ्यावर दिसलं?"

"हो ग आई."

"अस्सं होय!" म्हणाली, आणि शनिवारी भल्या सकाळी हातात शाईची डबी घेऊन दरबारात हजर.

"तू कोण ग?" महाराज म्हणाले.

"खिळे धुणारी अनसा, सरकार. शब्द घेऊन आलेय."

दरबार खो खो हसला. महाराजही हसले. "इंग्रजी येतं?"

"छे! पण सरकार, एक विचारू? रागावणार नाही ना? आपल्या बोटातल्या शिक्क्यावर काय कोरलंय?"

"आमचं नाव! आणखी काय असणार?"

"वाचून दाखवता?"

महाराजांनी शिक्का डोळ्यांसमोर धरला. वाचायला गेले, अडखळले, चिडले. "अगं, हे उलटं आहे! शिक्क्यावर उलटंच कोरतात. कागदावर उठलं की सुलट होतं. एवढंही ठाऊक नाही तुला?"

"मला आहे, सरकार. खिळ्याचंही तसंच असतं."

अनसाबाईने महाराजांच्या पाटीवरच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.

"आपलं मराठी अक्षर उलटं केलं की लगेच बोंब मारतं," अनसाबाई म्हणाली. "ही इंग्रजी अक्षरं भारी लबाड! उलटी झाली की खुशाल शेजाऱ्याचं नाव सांगतात. छापखान्यात आलेला नवा माणूस पहिले आठ दिवस या अक्षराचा आणि त्याच्या शेजाऱ्याचा खण चुकतो. सरकारांची तर पहिलीच वेळ."

"म्हणजे आम्ही चुकलो म्हणतेस?" महाराजांचा आवाज चढला.

"मी कुठे म्हणते? कागद काय म्हणतो ते बघू या."

महाराजांनी नाखुशीने मखमली डबी उघडली. अनसाबाईने एकेका खिळ्याला शाई लावली आणि एकेक ठसा कागदावर उठवला. पहिल्या अक्षराचं पोट खिळ्यावर डावीकडे होतं, ते कागदावर उजवीकडे आलं. बाकीची पाच जशीच्या तशी, कारण ती उलटसुलट सारखीच दिसणारी.

"पी!" भिकाजीपंत ओरडले. "क्यू नव्हे, पी! पी, आय, एल, एल, ओ, डब्ल्यू! पिलो! महाराज, पिलो!"

"पिलो म्हणजे?"

"उशी, महाराज, उशी!"

"उशी?" महाराजांनी कागद ओढून डोळ्यांसमोर धरला. "आठ दिवस आम्ही एका उशीपायी झोपलो नाही?" आणि मग असे हसले, असे हसले, की पगडी घरंगळून मांडीवर आली! दरबारी मात्र हसावं की नको म्हणून एकमेकांची तोंडं बघत बसले.

"माग अनसा, काय हवं ते माग!"

"शाळा उघडी ठेवा, सरकार. माझी चंपी तिथे शिकते."

"ठेवली! आणि चंपी शिकेल तितकं तिला संस्थानच्या खर्चाने शिकवू. ही शिक्क्याची अंगठी तुझी. आम्ही दुसरी घडवू. बोल, आणखी काय?"

अनसाबाईने अंगठी शाईच्या बोटात घातली आणि निरखून पाहिली.

"आणखी काही नको, सरकार. फक्त नव्या अंगठीवर नाव सुलट कोरून घेऊ नका. नाहीतर साऱ्या संस्थानाला हुकमावरचं आपलं नाव आरशासमोर धरून वाचावं लागेल!"

महाराज पुन्हा हसायला लागले. मडमची बग्गी दारात येऊन उभी राहिली, तरी त्यांचं हसू थांबलं नव्हतं.