पौषातला आंबा

"पौषात आंबा? अहो महाराज, झाडाला अजून धड मोहोरसुद्धा फुटलेला नाही!" सटवाजी राखणदार काकुळतीला येऊन म्हणाला.

"मग झाडं कामचुकार आहेत!" रंगराजे गरजले. "संक्रांतीच्या पंगतीत आंब्याची पोळी वाढली गेली नाही, तर आमराईवर कुऱ्हाड चालवू!"

आता एवढं डोक्यात राख घालून घ्यायला झालं होतं काय? तर थाप! दिवाळीत राजे सासुरवाडीला गेले होते. जेवता जेवता गडी रंगात आला आणि राणीसाहेबांच्या भावाला, वाघोजीरावांना म्हणाला, "आमच्या मुलखात बारा महिने आंबा पिकतो!" वाघोजीरावांनी मिशीवर ताव दिला. "अस्सं? मग संक्रांतीला येतोच पोळी खायला!"

थाप मारली राजानं आणि मान अडकली झाडांची! सटवाजीच्या आज्यानं कावडीनं पाणी घालून ती आमराई वाढवली होती. बिचारा घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. त्याची लेक ठकू चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. तिनं सगळं ऐकलं, वर टांगलेल्या लाल भोपळ्याकडं पाहिलं, आणि हात धुऊन थेट वाड्यावर गेली.

"महाराज, पोळी मी करते. आंब्याचा रंग येईल, आंब्याचा वास येईल, आंब्याची चव येईल."

"आणि आंबा?"

"ते तुम्ही विचारू नका, मी सांगत नाही! पण पाहुण्यांनी विचारलं, तर मी खोटं बोलायची नाही. आधीच सांगून ठेवते."

राजे चरफडले. पण अडला हरी... पुढचं तुम्हाला ठाऊक आहे!

संक्रांतीच्या सकाळी वाड्याच्या मुदपाकखान्यात ठकूनं पदर खोचला. भोपळा किसून वाफवला, गूळ घालून रटरटत ठेवला. चिंचेचा थोडा कोळ घातला, कारण नुसता गोड आंबा कुणी पाहिलाय? नुकतीच खणलेली आंबेहळद वाटून त्यात पिळली, अन् काय सांगू, सगळा मुदपाकखाना कैरीच्या वासानं भरून गेला! मग आंबेमोहोर तांदळाची मूठभर पिठी भुरभुरून सारण घट्ट केलं. कणकेच्या पारीत ते भरलं, पोळी लाटली, तव्यावर टाकली. आचारी नाक फुगवून नुसते बघत राहिले.

पंगत बसली. बाहेर कुऱ्हाडीवाले उभेच होते. सटवाजी खांबाआड देव आठवत होता. वाघोजीरावांनी पोळीचा घास घेतला आणि डोळे मिटले. दुसरा घेतला. मग दातात अडकलेला भोपळ्याचा एक धागा ओढून काढत म्हणाले, "वा! धागेदार! अस्सल रायवळ आंबा!"

रंगराजे फुशारले. "मग! बारा महिने!"

सहा पोळ्या झाल्यावर मात्र वाघोजीरावांना शंका आली. "कुठल्या झाडाचा हो हा आंबा? कोय तरी दाखवा!"

राजांनी ठकूकडं पाहिलं. ठकू पुढं आली. "सरकार, कोय नाही. आंबा आंबेहळदीतला आहे, अन् थोडा आंबेमोहोरातला. बाकी भोपळा!"

"भोपळा?" वाघोजीराव ताटावरून उठायलाच निघाले. "फसवणूक! आंब्याच्या पोळीत आंबा नाही?"

"सरकार, सीताफळ खाता ना? त्यात सीता सापडली का कधी?"

"अगं, पण..."

"रामफळात राम?"

"ते फळाचं नाव आहे! नावात असलं म्हणून आत असायलाच हवं का?"

"तेच तर म्हणते मी!" ठकू म्हणाली. "आता सरकारांचंच बघा. नाव वाघोजीराव! पण तुम्ही पंगतीत येऊन बसलात, तेव्हा ताट सोडून पळालं का कुणी?"

कुणाच्या हातातला द्रोण कलंडला, कढी पाटावर सांडली, तरी कुणी हललं नाही. सटवाजीनं डोळे घट्ट मिटून घेतले.

वाघोजीरावांनी डोळे बारीक केले. "नाव काय तुझं, पोरी?"

"ठकू."

"हां! सापडलीस!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "वाघोजीत वाघ नाही, हे कबूल. पण ठकूत ठक आहे! ठकवलंस ना मला?"

"ठकवायचं असतं सरकार, तर विचारल्यावर खरं सांगितलं असतं का? सहा पोळ्या तुमच्या जिभेनं आंबा म्हणून खाल्ल्या. जिभेला विचारा, मला काय विचारता! आणि आज संक्रांत आहे, जरा गोड बोला!"

क्षणभर मिशा थरथरल्या. मग वाघोजीराव असे हसले, असे हसले, की ठसकाच लागला! ते हसले म्हणून रंगराजेही हसले, आधी घाबरत, मग पोट धरून. थाप उघडी पडली होती, पण मेहुण्यासमोर तोंड लपवायची वेळ टळली होती, हे काय थोडं झालं?

"माग पोरी, काय हवं ते माग!" राजे म्हणाले.

"कुऱ्हाडीवाल्यांना जेवायला बसवा, महाराज. उन्हात ताटकळलेत. आणि झाडांना पौषाची सुटी द्या."

"दिली! आणि आमराईही दिली. आजपासून ती तुझी आणि तुझ्या बापाची!"

सटवाजी खांबाआडून बाहेर आला आणि भर पंगतीत ढसाढसा रडू लागला.

वाघोजीरावांनी ताट पुढं सरकवलं. "सातवी वाढ! आणि ऐक, ज्येष्ठात मी पुन्हा येणार. तेव्हा मला खऱ्याखुऱ्या आंब्याची पोळी हवी!"

"या की, सरकार!" पोळीवर तूप सोडत ठकू म्हणाली. "पण तेव्हा भोपळा आहे का म्हणून विचारायचं नाही!"