उसाचं माप

गुऱ्हाळावर बैलांच्या जागी नुकतंच इंजिन आलं होतं, तेव्हाची ही हकीकत. यासीन मिस्त्रींच्या कारखान्यात ऊस पिळायच्या चरकाचा नवा दांडा आणि त्याच्यावर बसायचं दातेरी चाक शेजारी-शेजारी पडलं होतं. चाकाचं भोक दांड्यापेक्षा केसभर लहान होतं.

"मिस्त्री, भोक वाढवा. मला ऐसपैस लागतं," चाक म्हणालं.

"वाढवाच. नाहीतर मला चरे पडतील," दांडा म्हणाला.

मिस्त्रींनी भोक वाढवलं. गुऱ्हाळावर इंजिन सुरू झालं तेव्हा दांडा गरगर फिरला आणि चाक जागच्या जागी राहिलं. तोडलेला ऊस उन्हात आंबू लागला. मालकीण हौसाबाई म्हणाल्या, "दोघांना भंगारात टाका."

"थांबा," मिस्त्री म्हणाले. "मी यांना विचारलं, उसाला विचारायचं राहिलं."

चरकात एका वेळी किती ऊस जातो ते त्यांनी पाहिलं. किती आवळलं तर चाक सरकणार नाही आणि किती आवळलं तर फुटेल, याचा हिशेब पाटीवर मांडला. मग दांड्यावर तेवढी धातूची भर घातली आणि चाक भट्टीत तापवून त्यावर चढवलं.

निवताना चाक आकसलं आणि त्याने दांड्याला गच्च धरलं. "माझी सोय कुणी पाहिली?" ते कुरकुरलं.

"मागच्या वेळी तुझीच पाहिली होती," मिस्त्री म्हणाले.