लाखेच्या घटातले बी

एका राज्यात, जिथे नदी संथ होती आणि साळीच्या सुवासावरून वाटसरू वाट ओळखत, धवलसेन नावाचा राजा नांदत होता. कुवलया त्याची राणी. दोघांचा जीव एकमेकांत असा गुंतलेला, की राजा स्वारीवर गेला तर राणीला अन्न गोड लागेना, आणि राणी माहेरी गेली तर राजाला आपलाच महाल परका वाटे.

सुगी सरली, कणग्या भरल्या, तेव्हा डोंगरापलीकडून बाष्पनाथ नावाचा मांत्रिक दरबारात आला. तो उभा राही तिथल्या भिंतीला ओल सुटे.

"राजा," तो म्हणाला, "राज्यातले सारे बियाणे माझ्या गुहेत ठेव. ज्याला पेरायचे असेल तो माझ्या दारी येईल आणि हात पसरील."

"बी प्रजेचे आहे. ते राजाचेही नाही," धवलसेन म्हणाला.

"तर मग ऐक. आजपासून माझा श्वास या राज्यात फिरेल. वारा शिरेल तिथे तो शिरेल, आणि पेरणीआधी दाणा न् दाणा मरेल. तू सारस होशील आणि हळूहळू माणूसपण विसरशील. या भूमीत राखलेल्या बियाची लोंबी तुझ्या चोचीत पडेल, तरच सुटशील."

असे म्हणून तो निघून गेला. सिंहासनावर एक उंच करडा सारस बसला होता.

राज्यावर धुके उतरले. सारस राजतळ्याच्या काठी राहू लागला. राणी रोज तिथे जाई. प्रारंभी तो तिच्याशी बोले. मग प्रधानाचे नाव विसरला, पुढे महालाची वाट विसरला. इकडे कणग्यांतले बी ओल्या फडक्यात बांधून पाहिले, तर दर खेपेला कमीच मोड येत. एका सकाळी राणी म्हणाली, "महाराज, मी कुवलया." सारसाने मान वाकडी करून तिच्याकडे पाहिले. "नाव गोड आहे," तो म्हणाला, आणि पाण्यात मासा शोधू लागला.

राणी तळ्याच्या पायरीवर बसून रडली. तेव्हा कुंपणावरचा तांबड्या पंखांचा भारद्वाज बोलला.

"राणी, रडून बी वाचत नाही. तीन कामे करशील?"

"सांग."

"बी इतके सुकव, की दाताखाली कट्कन तुटावे. ते अशा घटात ठेव, की वाऱ्यालाही वाट मिळू नये. आणि पेरणीपर्यंत कुणीही सांगितले तरी तो घट उघडू नकोस. यातले शेवटचे काम सर्वांत अवघड."

धुक्यात ऊन कुठले? पण पूर्वेच्या डोंगरमाथ्यावर सूर्यशिळा होती. सूर्य माध्यान्ही तिच्यावर टेकत असे, म्हणून ती सदा तापलेली. उरलेल्या जिवंत बियाची टोपली डोक्यावर घेऊन राणी तिथवर चढली.

शिळा म्हणाली, "मला माया मोजता येत नाही. माझ्यावर अधिक ठेवशील ते मी भाजीन."

"माझ्या तळहाताला सोसेल तेवढेच बियाला देईन," राणी म्हणाली. ती पायांनी दाणे परतत राहिली आणि हात टेकून ऊब पाहत राहिली. चटका बसला की बी पदरावर घेई, शिळा सोसवेल तेव्हा पुन्हा पसरी. तळपाय फोडांनी भरले. शेवटी एक दाणा दाताखाली धरला. कट्! तिने टोपली उचलली.

खाली कुंभाराने घट दिला. भारद्वाज म्हणाला, "मडके श्वास घेते. त्याला लाख लाव. पण ती मागितल्याशिवाय घेऊ नकोस."

रानात एक लाख धरणारे कोसंबाचे झाड होते. त्यात यक्षिणी राहत असे.

"लाख हवी? तर माझ्या सावलीत बस," ती म्हणाली. "युगे गेली, माझ्याशी कुणी बोललेले नाही. तुझ्या माणसाविषयी सांग."

राणी बोलू लागली. राजाला चालताना गुणगुणायची सवय होती, सूर मात्र कधी जुळत नसे. तो ताटातला भाताचा पहिला घास उगाच हुंगून पाही. झोपेत तिचा हात सापडला नाही की दचकून जागा होई. सांगता सांगता ऊन उतरले. झाड पाझरू लागले. फांद्यांवरून लाखेचे तांबडे थेंब ओघळले, ते राणीने पानांच्या द्रोणात धरले.

तिने घट आतून-बाहेरून लाखेने माखला. बी ओतले, तर घट वीतभर रिताच राहिला. "रित्या जागेत त्याचा श्वास बसेल," भारद्वाज म्हणाला. राणीने सूर्यशिळेवर सुकवलेली तुसाची राख काठापर्यंत दाबून भरली, झाकण बसवले आणि सांध्यावर लाख ओतली. मग घट महालात मांडून ती त्याच्यापाशी बसली.

बाष्पनाथाचा श्वास घटाभोवती घिरट्या घालू लागला. त्याला चीर सापडेना.

पेरणी जवळ आली, तेव्हा भर दुपारी दारात धवलसेन उभा राहिला. तोच चेहरा, तोच आवाज.

"कुवलये, मी सुटलो. घट उघड. एक दाणा मुखात पडू दे, म्हणजे सुटका पक्की होईल."

राणीचे सारे अंग त्याच्याकडे ओढले गेले. तिने घटाला दोन्ही हातांनी मिठी मारली.

"पेरणीपर्यंत थांबा, महाराज."

"आज परत पाठवलेस, तर पुन्हा येणार नाही."

हा खरा की खोटा, हे राणीला ठाऊक नव्हते. तिने खिडकीतून तळ्याकडे पाहिले. काठ रिकामा होता. सारसांचा थवा दूर उडत चालला होता.

"जा," ती म्हणाली. दारातली आकृती धुरासारखी विरली. दाराच्या चौकटीवर ओल तेवढी राहिली. ती पाहूनही राणीचे मन निवले नाही, कारण तळेही सुनेच होते.

मृग लागला. राणीने स्वतः सांधा फोडला. राखेखाली बी कोरडे, सोनेरी, सळसळते. पेरले, आणि वाफाभर हिरवे झाले. रोपे लावली गेली, लोंब्या धरल्या, दाण्यांत दूध भरले. लोक बांधावर येऊन नुसते पाहत उभे राहत.

मग थवा आला. कुणी सारसांना हुसकले नाही. त्यांतल्या एकाने मान वाकवून लोंबी ओढली. तत्क्षणी धुके फाटले, बाष्पनाथ दवाचा थेंब होऊन मातीत जिरला, आणि गुडघाभर चिखलात धवलसेन उभा राहिला. राणी बांधावरून धावत गेली ती पडली, उठली, आणि त्याला बिलगली.

पुढे राजाने प्रत्येक घरी लाखेचा एक घट आणि ओंजळ ओंजळ बी धाडले. एके दिवशी राणीने त्याला दारातल्या त्या पाहुण्याची हकीकत सांगितली.

"तुझ्या जागी मी असतो, तर घट उघडला असता," तो म्हणाला.

"म्हणून बियाचा घट घरच्या बाईच्या हाती राहू द्या," राणी म्हणाली.

राजाने तशी दवंडी पिटवली. त्यांचे बी तगले, तसे तुमचे तगो. त्यांची ताटातूट सरली, तशी तुमचीही सरो.