गोडवावर

लोणगव्हाणच्या खालच्या अंगाला, पूर्णा नदीला लागून, एक पांढरं पडलेलं वावर आहे. उन्हाळ्यात त्यावर खार असा फुलतो की लांबून कुणी पीठ सांडल्यासारखं दिसतं. गवताची काडीही उगवत नाही. मधोमध एक खोल चर नदीपर्यंत गेला आहे. या वावराचं नाव गोडवावर. मातीचे नमुने घ्यायला आलेल्या कॉलेजच्या पोरापोरींना हे नाव ऐकून हसू येतं. मग गावातले वयस्क शेषरावबाबा त्यांना चराच्या कडेला, बाभळीच्या सावलीत बसवतात. हसू नका असं म्हणत नाहीत. सरळ सांगायला लागतात.

फार जुनी गोष्ट, म्हणे. तेव्हा सगळं शिवार खारं होतं आणि गोड होतं ते एवढंच वावर.

शिवाराची माती दिसायला देखणी. काळी कुळकुळीत, पुरुषभर खोल. पण पाऊस पडला की वरचा थर फुगायचा, मेणासारखा चिकट व्हायचा आणि पाण्याला खाली जायला वाट उरायची नाही. वर तळं साचलेलं आणि हातभर खाली माती कोरडी ठणठणीत. उन्हाळ्यात तीच माती आकसायची, बैलाचा पाय जाईल एवढ्या भेगा पडायच्या. खोलातलं खारं पाणी वर ओढलं जायचं, उन्हानं उडून जायचं आणि खार तेवढा मागे राहायचा. ज्वारी जरा वर आली की पानांची टोकं करपायची. "तुमी त्याले सोडियम म्हनता," बाबा म्हणतात, "आमचे लोक खार म्हनत. दुखनं एकच."

नदीकाठचं हे वावर मात्र गाळाचं होतं. माती भुसभुशीत, हातात घेतली तर रव्यासारखी सुटायची. त्यात उकर्डा नावाचा शेतकरी आणि त्याची बायको कौतिका गहू पेरत. गावाला बी लागलं तर याच वावरातून जायचं. दोघांना मूलबाळ नव्हतं. उकर्डा या वावरालाच लेकरू मानायचा, असं सांगतात.

मग ओळीनं वाईट सालं आली. घरं उठू लागली. बैलगाड्या भरून लोक डोंगराकडं जाऊ लागले.

त्यातल्याच एका पावसाळ्यात गावाच्या वरच्या टोकाला नाल्याचा काठ फुटला आणि संपत पाटलांच्या शेतात घळ पडली. पाटील हळहळले. पण पुढं कौतिका तिथून सरपण घेऊन येत होती, तर तिला दिसलं की घळीच्या दोन्ही अंगांना ज्वारी हिरवीगार, कमरेएवढी उभी आहे. जरा लांबची सगळी करपलेली. ती घळीत उतरली. मातीतून पाणी पाझरत होतं. तिनं बोट बुडवून चाखलं आणि तोंड खारट झालं. ती तिथंच बसून राहिली, म्हणे. पाण्याला बाहेर पडायला वाट मिळाली की ते खार सोबत घेऊन जातं, हे तिच्या ध्यानात आलं.

तिनं पाटलांना घळ दाखवली. पाटील शहाणे होते. त्यांनी माणसं जमवली, सगळं शिवार फिरून उतार पाहिला. उतार एकाच ठिकाणी येत होता. उकर्ड्याच्या वावरात. तिथून चर काढल्याशिवाय पाणी नदीला मिळणार नव्हतं आणि तिथून काढला तर सगळ्या गावाचा खार त्या गोड मातीत मुरणार होता. माणसं माना खाली घालून उभी राहिली. मागायचं तोंड कुणाला नव्हतं.

कौतिकाच म्हणाली, "आमच्या वावरातून काढा."

उकर्डा घरी येऊन कडाडला. "येडी झाली का वं तू? माह्या बापानं ते वावर पोसलं. त्याच्यात खार सोडू?"

"गाव उठून गेल्यावर आपल्या गव्हाची पोळी कोनासंगं खासान?" तिनं विचारलं.

तो तसाच उठून वावराकडं निघून गेला.

काळ्या मातीचं असं असतं की उन्हाळ्यात ती दगड होते, पावसाळ्यात पाय सोडत नाही. कुदळीला ती फक्त हिवाळ्यात वश होते. म्हणजे गहू उभा असताना. पौष लागला, ओंब्या दुधात आल्या, तरी उकर्ड्यानं होकार दिला नव्हता.

एका सकाळी शेजारच्या सारजाबुढीचं घर गाव सोडून निघालं. गाडी उकर्ड्याच्या धुऱ्यापाशी, बांधावर तो उभा होता तिथं थांबली. बुढी खाली उतरली, त्याच्यापुढं पदर पसरून म्हणाली, "बापू, थोडीशी माती घाल. जाऊ तिथं टाकीन. तिथली कशी निंगते, कोनाले माहीत."

उकर्डा खाली बसला. ओंजळ भरली. पण पदरात घालायला हात पुढं होईना. बुढी पदर धरून उभी, आणि हा ओंजळीतल्या मातीकडं पाहत बसलेला. शेवटी त्यानं माती होती तिथंच ठेवली आणि म्हणाला, "माय, गाडीतलं सामान उतरव. कुठं जाऊ नको." विळा घेऊन तो गव्हात शिरला आणि दुधातला गहू त्यानं स्वतःच्या हातानं कापायला घेतला. कौतिका बांधावरून पाहत होती. तीही पदर खोचून आत उतरली. सांगतात की तो कापताना रडत होता आणि तिनं त्याला थांबवलं नाही.

दुपारपर्यंत सगळं गाव कुदळी घेऊन आलं.

पुढच्या पावसाळ्यात चरातून गढूळ, खारं पाणी नदीला धावलं. लोकांनी ताग पेरून मातीत गाडला, शेणखत घातलं. सालामागून साल माती मोकळी होत गेली. पाणी मुरू लागलं. ज्वारीची कणसं भरली, गेलेली घरं परत आली. आणि उकर्ड्याचं वावर हळूहळू पांढरं पडलं.

गावानं त्याला वरच्या अंगाची चांगली जमीन दिली. त्यानं ती कसून पिकवलीही. पण पेरणीच्या दिवशी आधी तो इथंच यायचा आणि उगवणार नाही हे माहीत असून बी टाकायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "उपाशी कसं ठेवू त्याले?" म्हातारपणी त्याला चालवेना, तेव्हा कौतिका त्याचा हात धरून आणायची. तीही थकली, तेव्हा संपत पाटील स्वतः बी घेऊन आले. त्यांच्यामागं एकेक करून सगळी घरं आली.

आजही लोणगव्हाणात तिफण जुंपण्याआधी घरोघरची माणसं या वावरात येतात. पहिली मूठ इथं पडते. ते बी कधी उगवत नाही. त्या दिवशी बाभळीवर पाखरं मात्र फार उतरतात. पोरापोरींना हे सांगून झालं की शेषरावबाबा उठतात, वावराकडं एकदा हात जोडतात आणि म्हणतात, "घ्या आता नमुना. जरा हलक्या हातानं घ्या."