इवलीची सहावी भिंत

जांभळीची फांदी. फांदीला पोळं. पोळ्यात खोल्याच खोल्या. मेणाच्या पिवळ्या खोल्या. एका खोलीला भिंती किती? एक, दोन, तीन, चार, पाच, सहा!

एका खोलीत होतं एक पिल्लू. पांढरं पांढरं. तांदळाच्या दाण्याएवढं. त्याला सांभाळत होती इवली. इवली म्हणजे एक छोटीशी मधमाशी. बाकीच्या माश्या गेल्या होत्या लांब लांब, फुलं शोधायला.

आणि आला वारा. गार गार वारा. फूऽऽ फूऽऽ!

फांदी हलली. पोळं हललं. पिल्लाच्या खोलीची एक भिंत तुटली.

टप्प! पडली खाली.

इवलीनं मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच… पाचच! सहावी भिंत कुठाय? तिथं नुसतं भगदाड. भगदाडातून वारा आत. फूऽऽ फूऽऽ! पिल्लू लागलं थरथरायला.

नवी भिंत करावी, तर मेण नाही. फुलंच नाहीत, मेण कुठलं?

"थांब हं सोन्या," इवली म्हणाली. "मी आपली भिंत घेऊन येते. आत्ता येते."

भुंई भुंई, भुंई भुंई. इवली खाली आली.

खाली होतं तळं. पण तळ्यात पाणी नव्हतं. नुसता वाळका चिखल. चिखलाला पडल्या होत्या भेगा. आणि एका भेगेत, खोल खोल, अडकली होती पिवळी भिंत!

इवलीनं चिखलाकडे पाहिलं. चिखलाचे तुकडे तुकडे. तुकड्यांना कोपरे सहा सहा!

"अगं बाई, याला पण सहा कोपरे! हा तर आपल्यातलाच. हा नक्की देईल."

"चिखलदादा, चिखलदादा! माझी भिंत दे.
पिल्लू माझं थरथरे, थरथरे."

चिखल म्हणाला, "मी वाळून झालो खडक. झरा येईना, मी भिजेना. जा बाई, जा!"

भुंई भुंई, भुंई भुंई. इवली गेली झऱ्याकडे. झरा होता कड्याखाली. झऱ्याला कोपरा एकसुद्धा नव्हता.

"झरेदादा, झरेदादा! झुळुझुळु ये.
चिखल भिजेना, भिंत सुटेना,
पिल्लू माझं थरथरे, थरथरे."

आतून आवाज आला, बुडुक बुडुक. "कसा येऊ? माझ्या तोंडावर दगड बसलाय. दगड हलेना, मी येईना. जा बाई, जा!"

भुंई भुंई, भुंई भुंई. इवली गेली दगडाकडे. दगड होता काळा काळा. कड्यावरून पडलेला. त्याला कोपरे किती? एक, दोन, तीन, चार, पाच, सहा!

"अगं बाई, याला पण सहा कोपरे! हा नक्की ऐकेल."

"दगडोबा, दगडोबा! जरासे हला.
झरा येईना, चिखल भिजेना, भिंत सुटेना,
पिल्लू माझं थरथरे, थरथरे."

दगड म्हणाला, "मला ना पाय, ना हात. कासव ढकलेना, मी हलेना. जा बाई, जा!"

भुंई… भुंई… इवलीचे पंख दुखायला लागले. पण ती गेली कासवाकडे. कासव बसलं होतं गवतात. त्याच्या पाठीवर तुकडे तुकडे. तुकड्यांना कोपरे सहा सहा!

इवली खूश झाली. थोडीशीच.

"कासवआजोबा, कासवआजोबा! दगडाला ढकला.
दगड हलेना, झरा येईना, चिखल भिजेना, भिंत सुटेना,
पिल्लू माझं थरथरे, थरथरे."

कासवानं मान बाहेर काढली. हळूऽऽच. "मला लागलीय भूक. तानूमावशी रोज कलिंगडाची साल टाकते. आज टाकलीच नाही. मावशी उठेना, मी ढकलेना. जा बाई, जा!"

भुंई… भुंई… ऊन उतरायला लागलं. वारा आणखी गार झाला. फूऽऽ फूऽऽ! पिल्लू काय करत असेल? इवलीनं मागे पाहिलं. पोळं दिसेना.

ती गेली तानूमावशीकडे. मावशी बसली होती झोपडीच्या दारात. बांबूची टोपली विणत होती. पण एकाच हातानं. दुसऱ्या हातात झोळीची दोरी. टोपलीला होती भोकं भोकं. भोकांना कोपरे सहा सहा!

इवलीनं पाहिलं. पण आता ती खूश झाली नाही. सहा कोपऱ्यांचे किती जण भेटले. दिलं मात्र कोणीच नाही.

"तानूमावशी, तानूमावशी! साल टाक गं.
कासव ढकलेना, दगड हलेना, झरा येईना, चिखल भिजेना, भिंत सुटेना,
पिल्लू माझं थरथरे, थरथरे."

मावशी म्हणाली, "कशी उठू गं माझे बाई? सकाळपासून बाळ रडतंय. दोरी सोडली की आणखीच रडतं. बाळ निजेना, मी उठेना. जा बाई, जा!"

भुं… भुं… इवली गेली झोळीत. झोळीत होतं बाळ. गोल गाल, गोल पोट. कोपरा कुठेच नाही. आणि तोंड हे एवढं उघडलेलं. ट्यँऽऽ ट्यँऽऽ!

"बाळा रे, बाळा रे! नीज ना जरा.
मावशी उठेना, कासव ढकलेना, दगड हलेना, झरा येईना, चिखल भिजेना, भिंत सुटेना,
पिल्लू माझं थरथरे, थरथरे."

बाळ म्हणालं, "ट्यँऽऽ!"

त्याला काय कळणार? ते तर बाळ!

आता कोणाकडे जायचं? चिखल नाही म्हणाला. झरा नाही म्हणाला. दगड, कासव, मावशी, सगळे नाही म्हणाले. आता कोणीच उरलं नव्हतं. आणि पंखांत जोरही उरला नव्हता.

इवली बसली झोळीच्या दोरीवर. "सोन्या, मी आत्ता येते म्हणाले होते," ती म्हणाली. "मला नाही रे जमलं."

आणि इवली रडायला लागली. मधमाशी कशी रडते? अशी रडते. गूंऽऽ गूंऽऽ.

बाळ म्हणालं, "ट्यँऽऽ!"

गूंऽऽ गूंऽऽ.

बाळ म्हणालं, "ट्यँ…"

गूंऽऽ गूंऽऽ.

बाळ म्हणालं… काहीच म्हणालं नाही. बाळ ऐकत होतं.

गूंऽऽ गूंऽऽ. गूंऽऽ गूंऽऽ. बाळाचे डोळे जड झाले. अर्धे मिटले. पूर्ण मिटले.

इवलीला कळलंच नाही. ती आपली रडतच होती.

"अगं माशे," मावशी हळूच म्हणाली. "निजलं की गं बाळ! तुझ्या आवाजानं निजलं. काय हवंय तुला?"

इवलीनं डोळे पुसले. "साल टाक, मावशी. लवकर टाक."

मग काय झालं?

बाळ निजलं, मावशी उठली. मावशीनं साल टाकली. थप्प!
कासवानं साल खाल्ली. कुरुम कुरुम, कुरुम कुरुम!
कासवानं दगड ढकलला. हुंऽऽ हुंऽऽ हुंऽऽ!
दगड हलला. गडगड, गडगड, धाड!
झरा आला. झुळुझुळु, झुळुझुळु!
चिखल भिजला. चुबुक चुबुक!
भेगेत पाणी भरलं. आणि पाण्यावर भिंत तरंगत आली. टुप्प!

इवलीनं भिंत उचलली. भुंई भुंई, भुंई भुंई! दुखऱ्या पंखांनी वर, वर, वर. जांभळीच्या फांदीवर.

खोलीत पिल्लू थरथरत नव्हतं. हलतच नव्हतं.



"सोन्या?"



इवलीनं भिंतीच्या कडेचं मेण चावलं. मऊ मऊ केलं. भिंत लावली, दाबली, चिकटवली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा! बाहेर वारा आला. फूऽऽ फूऽऽ! आत येऊ शकला नाही.

मग इवली पिल्लाला चिकटून बसली. पंख जोरजोरात थरथरवले. अंग गरम केलं. ऊब दिली. खूप वेळ दिली.

पिल्लू हललं. इतकंसं. मग आणखी इतकंसं. मग तोंड उघडलं. आऽऽ! भूक लागली की त्याला!

"आले रे, आले," इवली म्हणाली आणि त्याला थेंबभर मध दिला. शेवटचा राहिला होता, तोच.

पोळ्यात पिल्लू उबेला निजलं.
झोळीत बाळ गाढ निजलं.
गोष्ट सांगणाऱ्याचा गळा दमला.
आता तू पण नीज.
गूंऽऽ गूंऽऽ, गूंऽऽ गूंऽऽ.