रोज हलवून पाहिलेली दांडी

एका गावात एक गुरुजी राहत असत, आणि त्यांच्या घराच्या मागच्या दाराला तीन उंच पायऱ्या होत्या. गोष्ट खरं तर त्या पायऱ्यांची आहे, पण सुरुवात गुरुजींपासून करायला हवी.

गुरुजी फार शिकलेले होते. कुणाला आलेलं पत्र वाचायचं असलं, कुणाच्या बांधाचं माप घ्यायचं असलं, की लोक त्यांच्याकडे येत. तराजू, कप्पी, तरफ, स्क्रू अशा साध्या साधनांवर त्यांनी एक जाडजूड ग्रंथ लिहिला होता. त्यात एकट्या स्क्रूवर चाळीस पानं होती. मात्र त्या चाळीस पानांच्या लेखकानं गेल्या तीस वर्षांत एकही स्क्रू स्वतःच्या हातानं पिळला नव्हता.

त्याला कारण होतं. गुरुजी तरुण असताना एकदा शाळेतला फळा ढिला झाला. "उजवीकडे फिरवला की स्क्रू आवळतो, डावीकडे फिरवला की सुटतो," असं मुलांना समजावून सांगत ते स्वतः खुर्चीवर चढले. पण चाळीस डोळे आपल्याकडे लागलेत हे जाणवलं आणि त्यांचा हात गोंधळला. त्यांनी नेमका डावीकडे पिळला. फळा खाली आला, गुरुजी खुर्चीवरून उतरले, आणि सगळा वर्ग पोट धरून हसला. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो सुताराचा मुलगा. गुरुजी तसेच वर्गाबाहेर निघून गेले. त्या दिवसापासून त्यांनी हत्याराला हात लावला नाही.

आता ते म्हातारे झाले होते. घरात ते आणि त्यांची बायको. गाव तिला काकू म्हणे. काकूंचे गुडघे दुखत, म्हणून मागच्या पायऱ्या उतरताना धरायला दाराच्या लाकडी चौकटीला एक लोखंडी दांडी बसवलेली होती. वर दोन स्क्रू, खाली दोन स्क्रू. धुणं वाळत घालायला, तुळशीला पाणी घालायला, सरपण आणायला काकू दिवसातून दहा वेळा त्या पायऱ्या उतरत, आणि दहाही वेळा त्यांचा उजवा हात न बघता दांडीवर जाई.

एका सकाळी काकू म्हणाल्या, "अहो, दांडी हलतेय. जरा बघता का?"

"बघतो," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी खरंच पाहिलं. दांडी धरून पुढेमागे हलवली. वरचे दोन्ही स्क्रू ढिले झाले होते. किती ढिले, हे कळावं म्हणून त्यांनी फटीत तांदळाचा दाणा धरून माप घेतलं आणि वहीत लिहिलं, 'दांडी अर्धा दाणा हलते.'

दुसऱ्या दिवशी पुन्हा हलवून पाहिली. तिसऱ्या दिवशीही. आठवडाभरात वहीत 'पाऊण दाणा' अशी नोंद झाली.

"सुताराला हाक मारू का?" काकूंनी विचारलं. "दोन गल्ल्या तर पलीकडे राहतो."

सुतार म्हणजे तोच, सगळ्यांत मोठ्यानं हसलेला. आता तो चाळिशी ओलांडलेला चांगला कारागीर होता. गुरुजींच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. सुतार दारात उभा आहे, चार स्क्रू बघतोय आणि म्हणतोय, गुरुजी, एवढंसुद्धा तुम्हाला जमलं नाही? मग गावभर तेच.

"चार स्क्रूंसाठी कशाला त्याला त्रास," ते म्हणाले. "मीच करीन. आधी नीट अभ्यास करू दे."

"करा हो. पण अभ्यास होईपर्यंत मी कशाला धरू?"

यावर गुरुजींना बरंच सुचलं, पण उपयोगाचं काहीच नाही. त्यांनी एक चिठ्ठी लिहिली आणि सुंदर, बारीक अक्षरातली ती चिठ्ठी दांडीला बांधली. 'दांडी शिथिल आहे. आधार घेऊ नये.'

काकूंनी ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली. "शिथिल म्हणजे हलते, हो ना? ते तर मीच तुम्हाला सांगितलं होतं."

असे वीस दिवस गेले. गुरुजींनी स्क्रूवरची आपलीच चाळीस पानं पुन्हा वाचली आणि त्यांत दोन चुका सुधारल्या. एकदा ते स्क्रूड्रायव्हर घेऊन दारापर्यंत गेलेही. पण शेजारीण कुंपणापलीकडे भाजी निवडत बसली होती. तिच्या देखत उलटा फिरवला तर, असं मनात आलं आणि ते परत फिरले. रोज सकाळी दांडी हलवून पाहण्यात मात्र त्यांनी कधी खंड पडू दिला नाही. विसाव्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'दोन दाणे. काळजी वाटते.'

एकविसाव्या दिवशी सकाळी काकू ओल्या कपड्यांचे पिळे डाव्या कमरेवर घेऊन दारात आल्या. चिठ्ठी तिथंच होती. पण कमरेवर ओझं घेऊन पायरी उतरणारा माणूस वाचत बसत नाही. तीस वर्षांच्या सवयीनं उजवा हात दांडीवर गेला, दांडी चौकटीतून उपटून हातात आली, आणि काकू तिन्ही पायऱ्यांवरून खाली गेल्या.

गुरुजी धावत आले. काकू अंगणात बसल्या होत्या. भोवती ओले कपडे पडले होते. उजवं मनगट वाकडं झालं होतं आणि दांडी अजून मांडीवर होती.

"निघाली बघा," काकू म्हणाल्या, आणि मग त्यांना वेदना कळल्या.

वैद्य आले. त्यांनी काकूंना ओट्यावर बसवलं आणि बांबूच्या कामट्या तासून मनगट नीट बांधलं. "हाड जुळेल," ते म्हणाले, "पण या वयात पहिल्यासारखं सरळ होईल असं सांगत नाही." शेजारीण आली, आळीतली आणखी दोनचार माणसं आली. बातमी ऐकून सुतारही आला.

"काकू, पडलात कशा?"

"माझाच पाय घसरला," काकू म्हणाल्या. "मेली घाई नडली."

गुरुजी भिंतीला टेकून उभे होते. बायकोनं आपल्याला पाठीशी घातलं हे त्यांच्या लक्षात आलं, आणि क्षणभर त्यांना सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज त्यांना पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिली.

सुतारानं चौकटीवरून बोट फिरवलं. "पाय घसरल्यानं एवढं भोक पडत नाही, काकू. खालचे स्क्रू नुसते ओढले गेलेत, पण वरची भोकं बघा, चारी अंगांनी खाल्लीत. ही दांडी कुणीतरी रोज हलवत होतं. तीनचार दिवस नाही, चांगले पंधरावीस दिवस."

"आमची कार्टी असणार," शेजारीण ताडकन म्हणाली. "चिंचा पाडायला इथूनच तर जातात. लोंबकळली असतील. थांबा, आज त्यांची पाठच सोलते." आणि ती पदर खोचून निघालीदेखील.

काकूंनी गुरुजींकडे पाहिलं नाही. मुद्दाम तुळशीकडे बघत राहिल्या. गप्प राहायचं असेल तर राहा, एवढी मोकळीक त्या न बघण्यात होती.

शेजारीण कुंपणाशी पोचली. गुरुजी भिंतीपासून पुढे झाले.

"थांबा, बाई," ते म्हणाले. "पोरं नव्हेत. मी."

शेजारणीला वाटलं, म्हातारा पोरांना वाचवतोय. "राहू द्या हो गुरुजी. तुम्ही कशाला दांडीला लोंबकळाल?"

गुरुजी आत गेले, वही घेऊन आले, आणि सगळ्यांसमोर त्यांनी पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. अर्धा दाणा. पाऊण दाणा. एक दाणा. वाचता वाचता त्यांना पहिल्यांदाच कळलं की मापं आपोआप वाढली नव्हती. ती त्यांनी वाढवली होती. रोज सकाळी, काळजीपोटी, स्वतःच्या हातानं. 'दोन दाणे. काळजी वाटते' ही शेवटची ओळ वाचून त्यांनी वही मिटली.

कुणी हसलं नाही. तीस वर्षं ज्या हसण्याला ते भीत आले होते, ते आज आलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. शेजारीण जमिनीकडे बघत राहिली. वैद्यांनी उगाच पिशवी आवरली.

"मला का नाही बोलावलंत, गुरुजी?" सुतारानं हळू आवाजात विचारलं.

"तू हसशील म्हणून."

"मी? कशाला हसेन?"

"फळा पडला तेव्हा तूच सगळ्यांत मोठ्यानं हसला होतास."

सुतार आठवू लागला. मग म्हणाला, "हसलो असेन. दहा वर्षांचा होतो, गुरुजी. पण तुम्ही बाहेर गेल्यावर तो फळा मीच पुन्हा बसवला. उजवीकडे फिरवला की आवळतो, हे तुम्ही नुकतंच सांगितलं होतं, म्हणून जमलं. आयुष्यातला पहिला स्क्रू तो. घरी जाऊन बापाला सांगितलं, मला हेच शिकव. तुम्हाला ठाऊक नाही का?"

गुरुजींना ठाऊक नव्हतं. ते मागे वळून बघायला थांबलेच नव्हते.

सुतारानं आपल्या पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. गुरुजींनी हात पुढे केला. "मला करू दे. तू नुसतं सांग."

"असाच पिळलात तर स्क्रू नुसता फिरत राहील, भोक मोठं झालंय. आधी ते भरायला हवं." सुतारानं इकडेतिकडे पाहिलं. काकूंच्या मनगटाला लावून उरलेला कामटीचा तुकडा ओट्यावर पडला होता. तो त्यानं उचलला, चिरून त्याच्या बारीक काड्या केल्या आणि गुरुजींच्या हातात दिल्या. "या ठोका. वरचा भाग चौकटीशी सपाट कापा. मग स्क्रू."

गुरुजींनी काड्या ठोकल्या. एक घाव बोटावर बसला. स्क्रूड्रायव्हर दोनदा निसटला. सगळी आळी बघत होती.

"उजवीकडे ना?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याच ग्रंथात आहे," सुतार म्हणाला.

तेव्हा मात्र शेजारीण हसली, वैद्यही हसले, ओट्यावरून काकूही हसल्या. गुरुजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण हातातला स्क्रू लाकडात आटे धरत होता, आणि तो त्यांनी सोडला नाही. चारही स्क्रू पिळून व्हायला पाव तास लागला. पाव तासाच्या कामाला एकवीस दिवस, हे कुणी बोललं नाही. त्यांचं त्यांना कळलं.

काकूंचं मनगट दोन महिन्यांनी जुळलं, पण जरा वाकडंच. भाकरी थापताना त्या मधूनच थांबत. गुरुजींनी घरातली एकेक बिजागरी, कडी, कपाटाची मूठ आवळून काढली. कुठे ढिलं दिसलं की त्याच दिवशी. वही त्यांनी पुन्हा उघडली नाही.

दांडी आता तसूभरही हलत नव्हती. पण काकूंचा हात तिच्याकडे जात नसे. दारात आल्या की त्या थबकत, भिंत चाचपत आणि एकेक पायरी बसत बसत उतरत. दांडी घट्ट झाली आहे हे गुरुजींनी त्यांना कितीदा तरी सांगितलं, हलवून दाखवायला मात्र त्यांचा हात धजेना.

मग ते रोज सकाळी आधी खाली उतरून उभे राहू लागले, हात वर करून.

पहिल्या दिवशी काकूंनी तो हात धरला आणि म्हणाल्या, "हाही हलतोय की."

"हलतोय," गुरुजी म्हणाले. "पण धरून ठेवीन."

तात्पर्य: हलणारी वस्तू रोज हलवून पाहणं म्हणजे ती दुरुस्त करणं नव्हे. चारचौघांत चुकण्याची लाज वाटत असेल तर ती आजच सोसावी, कारण पुढे ढकललेल्या लाजेनं पडतं ते दुसरंच माणूस.